मांजरपाटाची खोळ

आमच्या जीपमधला रेडिओ माझ्या भीतीने विकत आणलेला आहे. गाणी लागतात तो नव्हे, बोलायचा रेडिओ. डॅशबोर्डखाली एक चपटी काळी पेटी, तिला गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या वायरने लटकलेला मुठीत मावणारा माईक आणि माईकच्या कडेला एक बटण. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. दोन्ही एकाच वेळी होत नाही. ही गोष्ट लेकीने मला इतक्यांदा समजावली की शेवटी मी चिडून म्हणालो, "मी काही खुळा नाही." पुढे जे झालं त्यावरून कोण खुळा, ते ज्याने त्याने ठरवावं.

मी जन्माचा भित्रा आहे. लग्नाच्या हॉलमध्ये झुंबराखालची खुर्ची मी घेत नाही. समोर गॅसचा टँकर असला तर तो दिसेनासा होईपर्यंत गाडी कडेला लावून उभा राहतो आणि मागच्यांच्या शिव्या निमूट खातो. लेक पहिलीत होती तेव्हा वर्षभर मी तिच्या शाळेच्या ऑटोमागे स्कूटरवर जायचो, ऑटोवाल्याला आणि तिला कळू न देता. तिला ते चौथीत कुणीतरी सांगितलं आणि तिने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. बायको म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझं म्हणणं एवढंच की ब्रह्मराक्षस असतोच, मला तो इतरांपेक्षा जरा लवकर दिसतो.

कळमेश्वरच्या रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या कलमा आम्ही बांधतो. पाऊस स्थिरावला की बागवाले खड्डे तयार ठेवून फोन करतात आणि आम्ही पिकअप भरून कलमा पोचवतो. त्या गाडीवर एक भरवशाचा ड्रायव्हर होता. त्याला हिंगण्याच्या एका कारखान्याच्या बसवर काम मिळालं. बांधलेला पगार आणि रविवारची सुट्टी सोडून तो माझ्या चिखलात कशाला राहील? दुसरा कोणी मिळेना. माझा उजवा खांदा धरलेला, भरल्या पिकअपचं स्टेअरिंग मला ओढवत नाही. लेक शेतकीची पदवी घेऊन माझ्याबरोबर नर्सरीतच काम करत होती. ती म्हणाली, "मी चालवते." बायको लगेच म्हणाली, "चालव." मला कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर काय उत्तर येणार हे दोघींना ठाऊक होतं.

ती गाडी घेऊन निघाली की मी फोन हातात घेऊन बसायचो. कुठे आहेस, पोचलीस का, पाऊस आहे का. तिने उचलला नाही की माझ्या डोळ्यांसमोर पिकअप उलटी पडायची, चाकं वर, कलमा रस्त्यावर विखुरलेल्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला तर वैऱ्याची गरजच पडत नाही. एक दिवस ती परत आली ती लालबुंद होऊन. गाडीची किल्ली माझ्यासमोर आपटली.

"तुमचा फोन उचलाले खिशात हात घातला, अन् समोर बैल. थोडक्यात वाचली. बाबा, मी रस्त्यानं मरणार नाही, तुमच्या फोनानं मरीन."

"मग उचलू नको ना फोन."

"नाही उचलला की तुम्ही आणखी धा वेळा लावता!"

हे खरं होतं. त्यावर तोडगा तिनेच काढला. तिची एक मैत्रीण जंगलातल्या रस्त्यांवर जीप घेऊन फिरणाऱ्यांच्या टोळीत आहे. त्यांच्या सगळ्या गाड्यांत असे रेडिओ असतात. फोनला रेंज नसली तरी पुढची गाडी मागच्या गाडीशी बोलू शकते. लेकीने दोन सेट मागवले, एक पिकअपला, एक आमच्या जुन्या जीपला. मी आधी परवान्याचं विचारलं. ती म्हणाली, या बँडले लायसन लागत नाही, फक्त पॉवर वाढवायची नाही. मी पुन्हा विचारलं. तिने तोच जबाब दिला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "पोलीस आले तं मी बोलीन त्यांच्याशी."

सेट बसवला तो रविवार मला चांगला आठवतो, कारण मी सबंध सकाळ वाळूची बादली घेऊन उभा होतो. बॅटरीला कोणी हात लावला की मला ठिणगीच दिसते. लेकीने लाल तार बॅटरीच्या एका टोकाला जोडली, काळी दुसऱ्या, आणि लाल तारेवर बॅटरीजवळच फ्यूज घातला. तारा इंजिनकडून आत घेताना पत्र्याच्या भोकात कापू नयेत म्हणून तिने रबर बसवलं. पिकअपच्या टपावर अँटेना नुसत्या चुंबकाने चिकटली. जीपचा टप कापडी, तिथे चुंबक काय धरणार? मग तिने मागच्या पत्र्याला पट्टी ठोकून अँटेना उभी केली आणि एक छोटं मीटर मध्ये लावून, सळई खालीवर करत काटा हवा तिथे आणला. "अँटेना जोडल्याबिगर बटण दाबायचं नाही," ती म्हणाली, "सेट जळते." म्हणजे घाबरायला आणखी एक गोष्ट मिळाली.

मग ती पिकअप घेऊन कळमेश्वरकडे निघाली आणि मी नर्सरीच्या फाटकात जीपमध्ये बसलो. पेटीतून खरखर येत होती, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. त्या खरखरीतून एकदम तिचा आवाज आला, "बाबा, आवाज येऊन राहिला का?" अगदी कानाजवळ. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाविशी ओलांडलेली पोर पुन्हा माझ्या स्कूटरच्या पुढ्यात आली होती.

खरखर बंद करायला पेटीला एक गोल बटण आहे. ते थोडं फिरवलं की कोणी बोलेपर्यंत पेटी गप्प राहते. लेकीने ते लावून दिलं, मी तिची पाठ फिरताच उलटं फिरवलं. मला खरखर हवी होती. खरखर म्हणजे पेटी जिवंत, तार जिवंत, पलीकडे लेक जिवंत, असा माझा हिशेब. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या मग. पण एवढं ध्यानात ठेवा, खरखर थांबली म्हणजे तुमचं बटण दाबलेलं आहे." मी मान हलवली. त्या क्षणी मी पेटीला पाऊस लागला तर काय, याचा विचार करत होतो.

पावसाची नव्हे, पण धुळीची काळजी बायकोलाही होती. आमच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, पाहुण्यांच्या गाद्यांना खोळ, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. एवढा नवा माईक उघडा लटकतो आहे हे तिला बघवेना. जुन्या साडीच्या कापडातून धूळ झिरपते म्हणून तिने नवं कोरं मांजरपाट काढलं, तेच ते जाड पांढरं, खळ घातलेलं. माईकचं माप घेऊन अगदी अंगासरशी खोळ शिवली. बटण आतच राहिलं, कापडावरून दाबायचं. पेटीच्या तोंडावर, दिवे आणि बटणं झाकतील अशी एक झालरही सोडली. कोरं कापड आधी पाण्यातून काढावं, वाळवावं, मगच बेतावं, हे तिला शिकवायची सोय नाही. अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज तिने शिवले आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेकच्या पलीकडे कलमा पोचवायच्या होत्या आणि वाळवायला ऊन नव्हतं. माईकला कोण धुवायला टाकणार आहे, असं म्हणून तिने टाके घातले.

लेकीने पाहिलं आणि हसत सुटली. "आई, रेडिओले परकर नेसवला का?"

रामटेकच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, एका शेतकऱ्याने धानाची बांधी सोडून लिंबाची बाग धरायचं ठरवलं होतं. त्याच्याकडे ही खेप. लेक पिकअपमध्ये पुढे, आम्ही दोघं जीपमध्ये मागे. मागे जायची खरं म्हणजे गरज नव्हती. पण मी आधाराच्या काठ्या, सुतळीचे बंडल, फवारणीचा पंप अशी कारणं जमवून जीपमध्ये भरली होती. लेकीने ती कारणं पाहिली आणि पिकअप सुरू केली.

रामटेकपर्यंत मी तिला किती वेळा हाक मारली ते सांगत नाही. तिने एक नियम घातला. "बाबा, मी चूप राहिली तं समजा, बरी आहे. काही असलं तं मीच बोलीन." मी हो म्हणालो आणि खरखर ऐकत राहिलो. रामाच्या देवळाचा गड डाव्या हाताला मागे पडला. बांध्यांमध्ये बाया प्लास्टिकचे कागद पांघरून, कमरेत वाकून धानाची रोवणी करत होत्या. मग आम्ही जंगलाकडचा लहान रस्ता धरला, फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या, आणि पाऊस असा कोसळला की जीपचे वायपर नावालाच फिरू लागले.

आमच्या जीपला दारं नाहीत, कापडी पडदे आहेत, आणि बायकोच्या बाजूचा पडदा फाटका. पाणी सरळ आत येत होतं. तिच्या गुडघ्याशी हुकाला लटकलेला माईक भिजत होता, तिचा पदर भिजत होता. ती पदर आवरत होती. माईकला खोळ होतीच.

पिकअप दिसेनाशी झाली होती. वळणामागे वळण, दोन्हीकडे साग. तेवढ्यात लेकीचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा.

"बाबा, समोर रपटा आहे. पाणी अजून खालूनच जाऊन राहिलं. मी निघते. पलीकडं गेली की सांगते."

रपटा म्हणजे नाल्यावरचा कठडे नसलेला बुटका सिमेंटचा पूल. पाऊस वाढला की पाणी त्याच्या वरून वाहतं, आणि दरवर्षी कोणी ना कोणी वाटतं तेवढं खोल नाही म्हणून गाडी घालतो. मी माईक ओढून घेतला आणि ओल्या खोळीवरून बटण जीव खाऊन दाबलं. "थांब! मी येईस्तोवर थांब! ऐकून राहिली का?"

बोट उचललं. माईक हुकाला अडकवला.

उत्तर आलं नाही. आणि खरखर थांबली.

मला ते लगेच जाणवलं. सकाळपासून कानात भरलेला तो आवाज एकदम गेला आणि जीपमध्ये फक्त पाऊस आणि इंजिन उरलं. मी पेटीवर थाप मारली. झालरीखाली हात घालून गोल बटण फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. काही नाही. खरखर थांबली म्हणजे काय, हे मला कुणीतरी सांगितलं होतं, पण त्या वेळी मला माझं नावही आठवलं नसतं. माझ्या हिशेबाने खरखर म्हणजे जिवंत. तिची पिकअप पाण्यात गेली होती.

"गेली," मी म्हणालो.

"काय गेली? तोंड सांभाळा," बायको म्हणाली.

"आवाज गेला. पलीकडं गेली की सांगते म्हणाली होती. काहून सांगत नाही?"

"पावसानं येत नसन."

"मी सांगून राहिलो होतो, भरली गाडी, पोरीच्या जातीले झेपत नाही…"

"तिले झेपते. तुम्हालेच झेपत नाही."

मी ऐकत नव्हतो. पाय आपोआप दाबला जात होता. भित्रा माणूस गाडी हळू चालवतो असा लोकांचा समज आहे; एका ठरावीक भीतीनंतर तो तसा चालवत नाही. मी मोठ्याने बोलत होतो, बायकोशी, स्वतःशी, मागे राहिलेल्या गडाशी. देवा, तिचा आवाज येऊ दे. उद्याच्या उद्या पिकअप विकून टाकतो. तिले पुन्हा गाडीले हात लावू देत नाही. नर्सरी बंद करतो, घरी बसवतो, पण आवाज येऊ दे. बायको आता मला बोलत नव्हती. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसली होती, आणि तिचे ओठ हलताहेत हे मला दिसत होतं. ती घाबरली आहे हे पाहून माझी पाचावर धारण बसली, कारण ती घाबरत नसते.

शेवटचं वळण उतरलो आणि नाला दिसला.

पाणी रपट्यावरून चाललं होतं. चहाच्या रंगाचं, जाड, मधे फुगलेलं. रपटा कुठे सुरू होतो ते कळायला कडेचा एक चुना फासलेला दगड तेवढा वर होता. पलीकडे, उतारावर, अगदी पाण्याला लागून आमची पिकअप उभी होती, पाठ आमच्याकडे. मागचे लाल दिवे लागत होते, विझत होते. हॉर्न वाजत होता, लांब, तुटक, पुन्हा लांब.

मला जे दिसलं ते असं: गाडी चढाव चढली नाही. मागे घसरली. मागची चाकं पाण्यात जाताहेत आणि आत अडकलेली माझी लेक हॉर्नवर हात ठेवून मला बोलावते आहे.

मी जीप पाण्यात घातली.

"थांबा!" बायको ओरडली. "अहो, थांबा!"

मी थांबलो नाही. पहिल्या काही हातांपर्यंत सिमेंट लागत होतं. मग पाणी चाकाच्या मध्यावर आलं आणि स्टेअरिंग माझ्या हातात हलकं झालं. ती हलकेपणाची जाणीव मला अजून कधीकधी पायरी उतरताना होते आणि मी कठडा धरतो. जीपच्या पोटावर पाणी आपटत होतं. पायांत पाणी आलं. पलीकडचा हॉर्न आता थांबतच नव्हता, आणि तो जितका वाजत होता तितका मी पुढे जात होतो.

बायकोने माईक ओढला. लेकीला काहीतरी ओरडून सांगायचं असेल, धीर धर म्हणायचं असेल. पण भिजून मांजरपाट असं आवळलं होतं की तिला आत बटण सापडेना. कापड माईकच्या अंगाला चामड्यासारखं बसलं होतं. तिने टाक्याला दात लावले, आपणच घातलेल्या दुहेरी टाक्याला, आणि खोळ ओरबाडून काढली.

खरखर आली. आणि त्या खरखरीत माझ्या लेकीची किंकाळी.

"मागं घ्या! बाबा, मागं घ्या! मी बरी आहे! मी पलीकडं आहे! पाण्यात नका येऊ, मागं घ्या!"

मी ब्रेक दाबला. इंजिन खोकलं, पण बंद पडलं नाही; त्याबद्दल त्या म्हाताऱ्या जीपला मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. रिव्हर्स पडेना. पडला. मान वळवून मागे बघावं तर पडद्यामुळे काही दिसत नव्हतं. बायकोने डोकं बाहेर काढलं, धो धो पावसात, आणि मला सांगत राहिली, सरळ, सरळ, जरा डावं, सरळ. मागच्या चाकांना खडी लागली. मी चढावर वर, अगदी वळणापर्यंत जीप नेली तेव्हा कुठे पाय उचलला. समोर पाहिलं तर चुना फासलेला तो दगड पाण्याखाली गेला होता.

खोळ बायकोच्या मांडीवर होती. ती तिला दोन्ही हातांनी ताणून पाहत होती, शिवणकामात काय चुकलं ते पाहावं तशी.

मग रेडिओवर लेक बोलली. सावकाश, तुकड्यातुकड्यांत, आणि ते ऐकताना सगळं माझ्या ध्यानात आलं. माझं 'थांब' पोचलं तेव्हा ती रपट्यावरच होती, आणि तो तिने नीट ओलांडला होता. वर चढून मागे पाहिलं तर पाणी सिमेंटवर येत होतं. तिने मला सांगायला बटण दाबलं, येऊ नका. पण आमचं बटण खोळीने दाबून धरलं होतं. माझ्या बोटाने दाबलं ते ओल्या कापडाने सोडलंच नाही. आमची पेटी फक्त बोलत होती, ऐकत नव्हती. झालरीखाली लाल दिवा लागला असेल, तो आम्हाला दिसला नाही. तिला मात्र सगळं ऐकू जात होतं.

"मी बटण दाबू दाबू ओरडली, बाबा. सोडलं की तुमचाच आवाज. गेली म्हणून राहिले होते तुम्ही. मी इथं बसून आहे अन् तुम्ही गेली म्हणता. मग पिकअप विकतो म्हणाले. मग मले समजलं, तुम्ही जोरात येऊन राहिले. म्हणून गाडी मागं घेतली, लाइट दाखवाले, हॉर्न वाजवाले. की थांबान. तर तुम्ही…"

ती थांबली. खरखर.

"आई थांबा म्हणाली ते मले ऐकू आलं. तुम्ही नाही थांबले. मग पाण्याचा आवाज आला. आतून, जीपच्या आतून. बाबा, मी काय करू शकत होती? सांगा ना. मी काय करत?"

ती रडत होती. मोठी झाल्यापासून मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. आजवर घरात घाबरायचं काम माझ्याकडे होतं. पण मी निदान फोन तरी लावत होतो, स्कूटर काढून मागे तरी जात होतो. तिच्यावर मी जी वेळ आणली तशी माझ्यावर कधीच आली नव्हती: दोन माणसं मरणाकडे चालली आहेत, त्यांचा श्वासन् श्वास ऐकू येतो आहे, आणि आपला शब्द तिथे पोचत नाही. मला तिची माफी मागायची होती. माईक हातात घेतला, पण दात इतके वाजत होते की नुसतं "बरे आहोत, बरे आहोत" एवढंच तोंडातून निघालं.

पाऊस जरा उतरला, नाला उतरला नाही. पलीकडे ती गाडीतून खाली उतरली, पाण्याच्या काठाशी आली. तिचा पिवळा रेनकोट मला दिसत होता. आईने हात हलवला, तिने हलवला. मग ती पुन्हा पिकअपमध्ये चढली आणि आवाज आला. आता तो कामाचा आवाज होता.

"पाणी उतराले संध्याकाळ होईन. कलमा अशा बांधून राहिल्या तं मुळ्या तापतीन. मालक बागेत वाट पाहून राहिले, माणसं लावली आहेत. बाग इथून जवळच आहे, पुढं दुसरा रपटा नाही, मालक म्हणाले होते. मी जाऊ का?"

मी माईकची ओली वायर बोटाला गुंडाळत होतो.

"झाडीमुळं थोड्या वेळानं आवाज येणार नाही," ती म्हणाली. "उतरवून इथंच येते परत. अन् बाबा… पिकअप खरंच विकता का?"

मी माईक तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. मला नको म्हणायचं होतं. तिथंच थांब, जळू दे त्या कलमा, असं म्हणायचं होतं. पुढे झाड पडलं असेल. रस्ता खचला असेल. मालकाला काय, तो म्हणेल दुसरा रपटा नाही. तिचा आवाज पहिल्याच वळणाला विरणार, आणि मग मी या काठावर बसून काय करू? पलीकडे पिकअपचं इंजिन सुरू होतं, मागच्या नळीतून धूर निघत होता. ती उत्तरासाठी थांबली होती. पुष्कळ वेळ गेला असावा. माझं बोट बटणावर तसंच होतं.

बायकोने माझ्या हाताकडे पाहिलं.

"अहो," ती हळू म्हणाली, "बोट उचला. तिले बोलताच येऊन नाही राहिलं."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. नख पांढरं पडलं होतं. खोळ तर केव्हाच निघाली होती.

"पिकअप राहू दे," मी म्हणालो. "जाऊन ये."

आणि बोट उचललं.

"येते, बाबा," ती म्हणाली.

लाल दिवे विझले. पिकअप चढावर चढली, कलमांची हिरवी पाती मागून हलताना दिसली, आणि सागाच्या झाडीत ती दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आवाज आला, "चाललं नीट," पुन्हा एकदा, अर्धाच, "चाललं नी…", आणि मग नुसती खरखर. बायकोने गोल बटणाकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहून मागे घेतला. आम्ही दोघं ती खरखर ऐकत बसलो.